ईश्वरीच्या उंचीची वाट

प्रसन्न सबनीस रोज ऑफिसला जाऊन सहा वर्षांच्या एका मुलाच्या अंगावर गाडी घालायचा आणि या कामाचा त्याला पगारही चांगला मिळायचा. मुलगा फोमचा होता म्हणून बरं. जर्मनीत ब्योब्लिंगेनमधली त्याची कंपनी गाड्यांच्या पुढच्या काचेमागे बसवायचे कॅमेरे बनवायची. रस्त्यात मूल आलं तर ते ड्रायव्हरच्या आधी गाडीला दिसावं आणि तिने आपणहून ब्रेक मारावा, यासाठी ही सगळी खटपट. गावाबाहेरच्या ट्रॅकवर तो फोमचा मुलगा पाय हलवत आडवा जायचा आणि प्रसन्नची टीम त्याच्यावर गाडी सोडायची. जर्मन सहकारी त्याला नुसतं ‘दास किंड’, म्हणजे ‘ते मूल’, म्हणत. प्रसन्नने त्याचं नाव बंड्या ठेवलं होतं आणि आता ट्रॅकवरची सगळी मंडळी त्याला ‘बंडिया’ म्हणू लागली होती.

बंड्या बहुतेक वेळा वाचायचा. पण ज्या वेळी वाचायचा नाही, ती वेळ प्रसन्नच्या डोक्यात घर करून राहायची. उभ्या गाडीच्या आडून आला, की उडाला. ऊन समोरून असलं, की उडाला. ढगाळ सकाळी करडा कोट चढवला, की उडालाच. मग प्रसन्न स्वतः जाऊन त्याला उचलायचा, मान सरळ करायचा, पँट झटकायचा. या कामाला वेगळा माणूस होता, पण प्रसन्नला राहवायचं नाही.

अशा माणसाला नेमकी सहा वर्षांची मुलगी असावी आणि ती नेमकी पहिलीत जावी, याला काय म्हणावं? ईश्वरीची शाळा घरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. मधे एकही मोठा रस्ता नाही, सगळीकडे तीसची वेगमर्यादा, आणि फुटपाथ असे, की खुशाल पंगत बसवावी. तरी प्रसन्न तिला रोज गाडीने सोडायचा. आणि तेही साधंसुधं नाही. गाडीने जायचं तर वरच्या रस्त्याने फेरा घालून यावं लागे, आणि मग शाळेचं दार डाव्या हाताला, रस्त्याच्या पलीकडे पडायचं. म्हणजे ईश्वरीने उतरून रस्ता ओलांडायचा? छे! प्रसन्न शाळेवरून तसाच पुढे जायचा. वळणापलीकडे दोन गॅरेजपुढे मोकळी जागा होती, तिथे गाडीचं नाक घालायचा, रिव्हर्स घ्यायचा आणि परत येऊन गाडी अशी लावायचा, की ईश्वरीचं दार बरोबर शाळेच्या फुटपाथवर उघडावं. बाकीचे बाप मुलांना भर रस्त्यात उतरवून पळतात, हे बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडत. स्वतःची पद्धत त्याने ऑफिसातल्या दोघांना मोठ्या हौसेने समजावूनही सांगितली होती.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर ऑक्टोबरातली पालकसभा आली.

साल २०१६. बायको, स्वरूपा, श्टुटगार्टच्या लॅबमधून उशिरा येणार होती, म्हणून प्रसन्न एकटाच पहिलीच्या वर्गातल्या त्या इवल्याशा खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसला होता. वर्गशिक्षिका फ्राऊ क्नॉस म्हणाल्या, की सोमवारपासून दोन आठवडे सगळ्या मुलांनी पायी यायचं. ज्यांचे आईबाप कामावर जातात त्यांच्यासाठी ‘लाउफबुस’ आहेच. ही बस म्हणजे नुसते पाय. ठरलेल्या कोपऱ्यांवर मुलं उभी राहतात, एक मोठं माणूस पहिल्या कोपऱ्यावरून निघतं आणि वाटेत एकेकाला गोळा करत शाळेपर्यंत येतं. काही मुलं शाळा उघडल्यापासून अशी येतही होती. “आणि एल्टर्नटॅक्सीला तेवढे दिवस जरा विश्रांती,” फ्राऊ क्नॉस हसून म्हणाल्या. आईबापांच्या गाड्यांना इथे ‘पालकांची टॅक्सी’ म्हणून टोमणा मारतात. प्रसन्नही मनमोकळं हसला, कारण तो टोमणा बाकीच्यांना होता.

मग त्याने हात वर केला. या दिवसांत सकाळी सूर्य अगदी खाली असतो, त्याचं काय? कडेला उभ्या असलेल्या व्हॅनमागून मूल बाहेर आलं तर? गडद रंगाचे कोट?

“हेर झाबनिस,” सबनीसचा जर्मन उच्चार करत फ्राऊ क्नॉस शांतपणे म्हणाल्या, “मुलं हे सगळं शिकतात.”

“कशी?”

“चालून.”

वर्गात खसखस पिकली. प्रसन्न खुर्चीतून उठताना खुर्चीही त्याच्याबरोबर उठली, त्यामुळे ती आणखीच पिकली.

घरी आला तर ईश्वरी दारातच उभी. तिला सगळं मराठी कळायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्ये. घरातली बोलणी अशीच चालत, इकडून मराठी आणि तिकडून जर्मन, आणि कुणाचं काही अडत नसे. “दार्फ इख?” तिने विचारलं. म्हणजे, जाऊ ना मी?

“बघू.”

“सोमवारपासून?”

“अगं, आधी मला रस्ता तपासू दे. मग सांगतो.”

“पण सोमवारच्या आत तपासशील ना? नक्की? प्रॉमिस?”

ईश्वरी काही हट्टी मूल नव्हती. आइस्क्रीम नाही म्हटलं तर ‘ओके’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळणारी. तीच आता त्याच्या बाहीला लोंबकळून, डोळ्यांत पाणी आणून पायी जायची परवानगी मागत होती. गरम सीटवर बसून, मागे गाणी ऐकत जायचं सोडून हिला थंडीत चालायचंय? प्रसन्नला मोठं कोडं पडलं. “एवढी घाई का गं तुला?”

“आइनफाख झो,” ती म्हणाली. असंच. आणि बाही सोडून आत निघून गेली.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्याने स्वरूपाला हे सांगितलं.

“मैत्रिणी चालत येतात, हिलाही यायचंय. त्यात कोडं कसलं?” ती म्हणाली. “आणि तू काय रे? चिंचवडला हायवे ओलांडून शाळेत जायचास ना? तुझ्या आईच सांगतात.”

“म्हणूनच,” प्रसन्न म्हणाला.

“म्हणूनच काय? जिवंत आहेस की.”

“बंड्याला विचार.”

“त्या बंड्याला घरात आणू नकोस हं प्रसन्न. मी गंभीरपणे सांगतेय. पोरीला वाटतं, बाबाच्या गाड्यांना मुलं दिसतात, बाबा ग्रेट. वर्गात सगळ्यांना सांगून आलीय. आणि तू तिला घरापासून शाळेपर्यंत चालू देत नाहीस. तर काय तो निर्णय सोमवारच्या आत घे. तिचा जीव टांगणीला लावू नकोस.”

प्रसन्नने निर्णय घेण्याची जी पद्धत शोधली, ती इंजिनिअरलाच सुचावी. शनिवारी सकाळी त्याने ईश्वरीला दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि टेप लावून तिच्या डोळ्यांची उंची मोजली. मग आरशासमोर स्वतः गुडघ्यांवर बसून पाहिलं, तर दोघांचे डोळे जवळपास एका रेषेत आले. तो खूश झाला. बाउमार्क्टात, म्हणजे बांधकामाच्या सामानाच्या दुकानात जाऊन फरशी बसवणारे वापरतात ते गुडघ्यांचे पॅड घेऊन आला, पँटवरून बांधले, आणि निघाला. जिथे जिथे धोका असेल अशी शंका, तिथे गुडघ्यांवर बसायचं आणि मुलाच्या डोळ्यांनी रस्ता बघायचा, असा बेत होता.

पहिल्या कोपऱ्यावर बसला आणि चकितच झाला. ज्या रस्त्यावरून तो चार वर्षं येत-जात होता, तो हा नव्हताच. कचऱ्याचे डबे छातीएवढे असायचे, ते आता भिंतीसारखे उभे. कुंपणाच्या झुडपांना शेंडा नाही, नुसते बुंधे, आणि बुंध्यांमधून आतलं सगळं दिसतंय: एक फुटका बॉल, एक झोपलेलं मांजर, कुणीतरी विसरलेला मोजा. माणसं कमरेपाशी संपत होती. उभ्या गाडीच्या बॉनेटवरून पलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि काचेकडे पाहिलं तर ड्रायव्हरच्या जागी आकाश. ड्रायव्हरचा चेहराच दिसत नाही! कॅमेऱ्याला मूल कसं दिसतं हे तो झोपेत सांगू शकला असता. मुलाला गाडी कशी दिसते, हा प्रश्न मात्र त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. तो भान हरपून एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जात राहिला. एका भिंतीवर शंखाची गोगलगाय होती, तिच्याकडे तर तो उगाचच बराच वेळ बघत बसला.

शनिवार म्हणजे इकडे आपापल्या घरासमोरचा फुटपाथ झाडायचा दिवस. अख्खी गल्ली झाडू घेऊन बाहेर. तिच्यात एक भारतीय गृहस्थ पँटवर पॅड बांधून गुडघ्यांवर बसतो, मान वळवून इकडेतिकडे बघतो, उठतो, आणि दहा पावलांवर पुन्हा बसतो, हे दृश्य काही लपण्यासारखं नव्हतं. झाडू थांबले. शेवटी पांढऱ्या केसांच्या, निळा एप्रन घातलेल्या एक बाई झाडू हातात घेऊनच त्याच्यापाशी आल्या.

“काही हरवलंय का तुमचं?”

“नाही, नाही.” प्रसन्न गुडघ्यांवरूनच म्हणाला. “लहान मुलांना रस्ता कसा दिसतो, ते बघतोय.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पॅडकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. “मग एखाद्या मुलालाच विचारा ना,” त्या म्हणाल्या.

प्रसन्न पँट झटकत उठला. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये?

बाई होत्या फ्राऊ हेगेले, निवृत्त नर्स. आणि या गल्लीतून निघणाऱ्या लाउफबुसच्या त्याच म्होरक्या होत्या. “सोमवारी या आमच्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “मुलीला आणा. मुलं तुम्हाला सगळं दाखवतील. फक्त ते गुडघ्यांचं तेवढं घरी ठेवून या.”

तरी प्रसन्नने अंगावर घेतलेलं काम शेवटपर्यंत नेलं. पायवाटेने पलीकडे उतरून शाळेच्या रस्त्यावर आला, आणि शाळेआधीच्या त्या दोन गॅरेजपुढेही गुडघे टेकले. डावीकडे भिंत, समोर रिकामा फुटपाथ, शांतता. या जागेत धोक्याचं काहीही नाही, असं मनाशी म्हणून तो उठला आणि पुढे गेला.

घरी येऊन म्हणाला, “सोमवारी मी पण येतो तुझ्याबरोबर. एक दिवस चालून बघू. मग ठरवतो.” ईश्वरीने त्याच्या गळ्याला मिठी मारली. मग एकदम बाजूला होऊन तिने विचारलं, “म्हणजे सोमवारी आपली गाडी घरीच राहणार? पूर्ण?”

“पूर्ण.”

“गुट,” ती म्हणाली, आणि तिने सोडलेला सुस्कारा पहिलीतल्या मुलीच्या मानाने फारच मोठा होता. प्रसन्नला पुन्हा कोडं पडलं, पण आता ते सोमवारवर टाकून तो झोपला.

सोमवारी सकाळी धुकं होतं. फ्राऊ हेगेले चकाकणारं पिवळं जाकीट घालून कोपऱ्यावर हजर. त्यांच्याबरोबर तीन मुलं. एम्रे, दप्तर पाठीपेक्षा मोठं. लेओनी, समोरचे दोन दात पडलेले. आणि टिल, जो चालताना सतत काहीतरी लाथाडत होता. ईश्वरी धावत जाऊन लेओनीशेजारी उभी राहिली.

“हा माझा बाबा,” ती म्हणाली. “तोच, गाड्यांना मुलं बघायला शिकवतो तो.”

तिघांनी प्रसन्नकडे मोठ्या आदराने पाहिलं. त्यालाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला?

“मी आज शिकायला आलोय,” तो म्हणाला. “या वाटेवर तुम्हाला कुठे कुठे भीती वाटते, ते मला दाखवायचं.”

असा प्रश्न मुलांना कुणी कधी विचारला नसावा. तिघंही एकदम बोलायला लागली. लेओनीने एक कुंपण दाखवलं, त्यात उन्हाळ्यात गांधीलमाश्या होत्या आणि आता थंडीत त्या गेल्या असतील यावर तिचा विश्वास नव्हता. टिलला एका बाल्कनीतल्या लाकडी घुबडाची भीती वाटायची. सगळे तिकडून मान खाली घालून गेले, प्रसन्नसुद्धा. एम्रेला कसलीच भीती नव्हती. फक्त मोठ्या शाळेची मुलं सायकलवरून येतात तो उतार सोडून. प्रसन्नने शनिवारी हेरून ठेवलेली व्हॅन आली तशी त्याने मुद्दाम विचारलं, “आणि इथे?”

“इथे काय?” एम्रे म्हणाला. “इथे आधी वाकून बघायचं. धूर येत असला तर गाडी जिवंत. मग थांबायचं.”

प्रसन्नला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. त्याने स्वतः वाकून पाहिलं. धूर नव्हता. गाडी जिवंत नाही, असं त्याने जाहीर केलं आणि बस पुढे निघाली. ईश्वरी बडबडत होती, उड्या मारत होती, फुटपाथच्या फरशांच्या फटी चुकवत चालत होती. गाडीत मागे बसणारी, आरशात फक्त कपाळ दिसणारी मुलगी ती हीच का, असं त्याला वाटून गेलं. मनातल्या मनात त्याने परवानगी देऊनही टाकली. इतके दिवस आपण हिला उगाच कोंडून ठेवलं, या विचाराने त्याला वाईट वाटलं, आणि निर्णय झाला म्हणून हलकंही.

पायवाट संपली, शाळेचा रस्ता आला. आणि अचानक सगळं चूप झालं.

कुणी काही सांगितलं नव्हतं. फ्राऊ हेगेलेंनी तोंडही उघडलं नव्हतं. तरी मुलं आपापली भिंतीला जाऊन लागली. पाठीवरची दप्तरं भिंतीला टेकली, पाय जुळले. टिलने एक दगड लाथाडायला पाय उचलला होता, तो त्याने तसाच मागे घेतला. लेओनीने ईश्वरीचं मनगट धरून तिलाही ओढून घेतलं. पुढे दोन गॅरेज, त्यांच्यापुढे ती मोकळी जागा, आणि तिला आडवा जाणारा फुटपाथ. शनिवारी प्रसन्नने बिनधोक ठरवलेली हीच ती जागा.

“इथे का थांबलो आपण?” त्याने विचारलं.

“निळीसाठी,” एम्रे हळू आवाजात म्हणाला.

“कोण निळी?”

“एक निळी गाडी आहे. रोज येते. शाळेकडून येते आणि इथे एकदम आत घुसते, फुटपाथवरून. मग तशीच मागे येते आणि परत जाते. तिला आम्ही दिसत नाही.”

“दिसत नाही, हे कसं कळलं?”

“थांबतच नाही ना!” एवढं साधं कळत नाही, असं एम्रेच्या तोंडावर होतं. “एकदा टिल पुढे गेला होता. फ्राऊ हेगेलेंनी त्याला दप्तराला धरून मागे ओढलं.”

“मी पडलो पण होतो,” टिल अभिमानाने म्हणाला.

“धुक्यात आणि घाईत नंबर काही वाचता येत नाही मला,” फ्राऊ हेगेले म्हणाल्या. “आधी मुलांकडे बघते ना मी. पण या आठवड्यात पोलिसांना कळवणार आहे, नक्की.”

सगळे वळणाकडे बघत उभे राहिले. कुठूनतरी कावळा ओरडला. वळणावरून कुणी आलं नाही.

“आज आली नाही,” लेओनी म्हणाली.

“विचित्रच,” एम्रे म्हणाला. “रोज याच वेळी येते.”

प्रसन्न भिंतीला पाठ लावून मुलांच्या रांगेत उभा होता आणि वळणावरून स्वतःला येताना बघत होता. समोरून कुणी येतंय का, इकडे नजर ठेवून झपकन आत वळलेला. मग आरसा, मग रिव्हर्सचा छोटा पडदा, पडद्यात मागचा रस्ता. भिंत त्या पडद्यात नव्हती. भिंत कधी कुठेच नव्हती. वळताना मागच्या सीटवरून ईश्वरी रोज म्हणायची, “बाबा, लांगझाम,” हळू. आणि तो रोज म्हणायचा, “हो गं, बघतोय ना मी.” तिला गाडी वळताना पोटात ढवळतं, अशी त्याने समजूत करून घेतली होती. तिच्या दाराखाली फुटपाथ यावा म्हणून तो रोज दुसऱ्यांच्या मुलांवर गाडी घालत होता.

त्याने खाली पाहिलं. ईश्वरी त्याच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. बाही धरून लोंबकळणं, सोमवारची घाई, तो मोठा सुस्कारा, सगळ्याचा अर्थ एकदम त्याच्या पुढ्यात येऊन पडला, आणि त्याला इतकी लाज वाटली, की डोळे भरून आले.

तिने त्याचा कोट खाली ओढला. तो वाकला. ती त्याच्या कानाशी मराठीत बोलली. घरी, आजीशी फोनवर, कितीही विनवण्या केल्या तरी जी दोन शब्दांपलीकडे जात नसे, ती सरळ, सबंध मराठीत म्हणाली, “बाबा, त्यांना सांगू नकोस. मी पण नाही सांगितलं. त्यांना वाटतं तुला सगळी मुलं दिसतात.”

आपलं मराठी इथे कुणाला कळणार नाही, एवढा हिशेब तिने केला होता. बापाला सांभाळून घेत होती. इतके दिवस ती मागच्या सीटवर बसून हे एकटी सांभाळत होती, या जाणिवेने त्याला कसंतरीच झालं.

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. निळी गाडी उद्यापासून येणार नव्हतीच. फ्राऊ हेगेलेंनी दोन दिवस वाट पाहिली असती आणि विषय संपला असता. मुलं निघायच्या बेतात होती. टिलने त्याचा दगड लाथाडलाही होता. प्रसन्नने ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो शनिवारसारखा गुडघ्यांवर बसला. फरशी गार होती, ओली होती. मुलांचे चेहरे बरोबर त्याच्या समोर आले.

“ती निळी गाडी माझी आहे,” तो म्हणाला. “चालवणारा मीच. आता ती येणार नाही.”

फ्राऊ हेगेलेंच्या तोंडून “आख गॉट”, अरे देवा, एवढंच निघालं. त्यांचा चेहरा कडक झाला आणि त्या काही बोलणार, एवढ्यात एम्रे पुढे आला. तो रागावला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“तू आम्हाला बघितलंच नाहीस?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

“पण आम्ही तर हात करायचो तुला,” लेओनी म्हणाली. “फ्राऊ हेगेले सांगतात, ड्रायव्हरकडे बघून हात करायचा आणि त्याने परत हात केला तरच निघायचं. आम्ही रोज करायचो. तू कधीच केला नाहीस.”



ईश्वरीने लेओनीच्या हातातून आपलं मनगट सोडवून घेतलं आणि ती भिंतीपासून पुढे आली. आता ती जर्मनमध्ये बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“मी करायचे,” ती म्हणाली. “रोज. मी मागे बसलेली असायचे. खिडकीला उन्हासाठी काळी जाळी आहे ना, म्हणून तुम्हाला दिसायचं नाही.”